एकट्याने परदेशी जाताना

ट्रॉम्बे म्हटलं की बहुतेकांना अणुभट्टी आठवते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ इथे सुरू झाली, आणि तेव्हापासून इथली शास्त्रज्ञ मंडळी परदेशी जात-येत आली आहेत. पण त्यांच्या पाठीशी सरकारी खातं असायचं, कागदपत्रं करणारे कारकून असायचे, पलीकडे उतरवून घ्यायला माणूस असायचा. आज त्याच ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून किंवा मानखुर्दच्या चाळीतून एखादा मुलगा, एखादी मुलगी एकटी परदेशी निघते. चिपळूण-खेडचं, श्रीवर्धनचं माणूस निघतं, तेही आधी एक रात्र अशाच कुठल्या नातेवाइकाच्या खोलीवर काढतं. त्यांच्या मागे कोण असतं? घरचे असतात, आणि तिकीट काढून देणारा एजंट असतो. घरचे म्हणतात, “विमानतळावर फार कटकट असते बाबा, जपून.” एजंट म्हणतो, “काही काळजी करू नका, मी बसलोय ना.” ही कटकट नेमकी कसली, हे दोघेही सांगत नाहीत. तेच आज आपण पाहू.

उदाहरणाला दुबई घेऊ. मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आसपासचा प्रवास. म्हणजे ट्रॉम्बेहून एस. टी. ने पुण्याला जायला लागतो त्याहूनही कमीच. आपल्या मुलखातली पुष्कळ माणसं कामाला म्हणा, पाहायला म्हणा, पहिल्यांदा देशाबाहेर जातात ती या आखाती बाजूलाच.

पहिली गोष्ट तिकिटावर वाचायची, ती विमान कुठून सुटतं ही. यात हसण्यासारखं काही नाही. ट्रॉम्बेच्या वायव्येला सहारचा विमानतळ आहे, त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. पूर्वेला खाडीपलीकडे उलव्याजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून रिक्षात बसलात, तर भलत्याच दारात उतराल. सहारला जायचं असेल तर परदेशी विमानांसाठी टर्मिनल दोन, हे लक्षात ठेवा. दिवसाची वेळ असेल तर घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला जावं, तिथे गाडी बदलून भुयारी मेट्रो घ्यावी. टर्मिनल दोनचं स्वतंत्र स्थानकच आहे. मात्र ऑफिसच्या वेळेला दोन पेट्या घेऊन घाटकोपरच्या जिन्यात उभं राहण्याचं धाडस करू नये. रात्रीच्या विमानाला तर टॅक्सी किंवा रिक्षाच.

आता मुख्य मुद्दा. विमानतळावर जी अडवणूक होते, तिचं कारण बहुतेक वेळा घरीच, दोन-तीन महिने आधी घडलेलं असतं. म्हणून आधी पासपोर्ट उघडा. त्याची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने असावी, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळावं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालण्याची पद्धत आहे. एका कागदावर ते आहे, दुसऱ्यावर नाही, अशी भानगड फार वेळा होते. ती घरीच मिटवावी.

मग पासपोर्टात ‘ईसीआर’ अशी तीन अक्षरं आहेत का ते बघा. याचा अर्थ असा की, हा माणूस नोकरीसाठी ठरावीक अठरा देशांत जाणार असेल, तर त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते. त्या देशांत संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सगळे येतात. ही परवानगी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने आली. कमी शिकलेल्या माणसाला परक्या देशात कोणी फसवू नये, त्याचा करार, त्याचा पगार निघण्यापूर्वीच कोणीतरी तपासलेला असावा, हा तिच्यामागचा हेतू. जो दहावी पास आहे त्याला साधारणपणे हा शिक्का लागत नाही. गुरुजी आणि बाई, इथे तुमचं काम आहे. दहावी होऊनही कित्येक मुलं पासपोर्टाच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडत नाहीत, आणि नाहक ‘ईसीआर’ पासपोर्ट घेऊन बसतात. गावातला मुलगा अर्ज भरून घ्यायला तुमच्याकडे आला, की आधी दहावीचा कागद मागा.

आणि ज्याला ती परवानगी लागते, त्याने ती घ्यावी. एजंट इथे एक पळवाट सुचवतो. “परवानगीला वेळ लागेल, तू पाहुणा म्हणून व्हिजिट व्हिसावर जा, नोकरीचं तिथे बघू.” पाहुणा म्हणून जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही, हे खरं. पण पाहुण्याच्या व्हिसावर काम करणं हा तिकडे गुन्हा आहे. मालकाने पगार दिला नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? करार नाही, नोंद नाही. सहारला अधिकाऱ्याने “कशाला चाललात?” असं विचारलं आणि पाहुणा म्हणून निघालेल्याच्या बॅगेत गवंडीकामाची थापी निघाली, तर त्याला तिथूनच घरी परतावं लागतं. त्या दिवशी अधिकाऱ्याचा राग येतो. पण अधिकाऱ्याने अडवलेला माणूस रात्री आपल्या घरी जेवतो. न अडवलेला पुढे कुठल्या खोलीत, कोणाच्या भरवशावर पडेल, ते सांगता येत नाही.

एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर कर एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. शेत गहाण टाकून दीड-दोन लाख मोजणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. ‘ईसीआर’वाल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. मुंबईत यासंबंधीची कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहेत. २०१७ साली ती एका छताखाली आणली, त्यामुळे निदान पूर्वीसारखं दारोदार फिरणं वाचलं.

आता सामान. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या घरात सामान भरतं ते प्रेम, आणि प्रेमाला दुसऱ्या देशाचे कायदे माहीत नसतात. आई अनारसे देते. अनारशाला खसखस लागलेली असते. काकू वर्षाच्या मसाल्याची पिशवी देते, त्या मसाल्यातही खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते. अमिरातीत आणि सौदी अरेबियात ती बंदी असलेल्या मालात मोडते, आणि ती सापडली तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. ‘आम्हांला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. तेव्हा अनारसे घरीच खाऊन निघा, मसाला बिनखसखशीचा कुटून घ्या. विड्याची पानंसुद्धा दुबईच्या कस्टमला चालत नाहीत. त्याच पिशवीतला गुटखा-तंबाखूही घरीच राहू द्या. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमॅडॉल असतं. अशी औषधं तिकडच्या आरोग्य खात्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. रोजचं औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ पाकीट बरोबर ठेवावं, आणि त्यातलं कुठलं तिथे चालत नाही ते आधीच विचारून घ्यावं.

सुकं खोबरंही काढून ठेवा. त्यात तेल भरपूर, ते चटकन पेट घेतं, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. कोळीवाड्यातल्या मंडळींना सुकट-बोंबलांशिवाय चैन पडत नाही, हे मी जाणतो. पण नेण्याआधी विमान कंपनीला विचारा. वासाने शेजारच्याचे कपडे भरले, तर तो ऐकून घेणार नाही.

आणि दुसऱ्याचं पुडकं घेऊ नका. कोणाचंही. २०१९ साली मुंबईहून कतारला सहलीला गेलेल्या एका जोडप्याच्या सामानात दोहाच्या विमानतळावर चरस सापडला. ते पुडकं नात्यातल्याच एका बाईने भेट द्यायला म्हणून त्यांच्या हाती दिलेलं होतं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. इकडे भारतात तपास झाला, खरा प्रकार उजेडात आला आणि २०२१ साली ती दोघं निर्दोष सुटली. पण मधला काळ तुरुंगात गेला तो गेलाच. नात्यातल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे कठीण असतं. तेव्हा “वजन पुरं झालं” असं सांगावं आणि मोकळं व्हावं.

इतकं झालं की सहारची निम्मी कटकट संपली. उरलेली निम्मी समजून घ्यायची असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या: तिथे बसलेली सगळी माणसं एकाच साहेबाची माणसं नाहीत. नवखा माणूस गणवेश दिसला की सगळी पिशवी उलटी करतो, दहावीच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत सारं पुढे ठेवतो. तसं करू नये. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो आणि तो एकच असतो.

दारातला जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. त्याला पासपोर्ट आणि तिकीट पाहून एवढंच ठरवायचं असतं की, हा आजचा प्रवासी आहे का. पोचवायला आलेली मंडळी इथेच थांबतात. हार घालायचा, पाया पडायचं, ते दाराच्या जरा बाजूला. मागे रांग असते. विमानाच्या वेळेआधी तीन तास इथे असावं.

आतला पहिला खिडकीवाला विमान कंपनीचा. तो मोठी बॅग तोलून घेतो आणि व्हिसा पाहतो. कंपनीच्या माणसाला व्हिसाशी काय करायचं, असं वाटेल. कारण असं की, पलीकडच्या देशाने तुम्हांला दारातून परत पाठवलं तर तुम्हांला परत आणण्याचं कंपनीच्याच गळ्यात पडतं. म्हणून पाहुण्याच्या व्हिसावर निघालेल्याला तो परतीचं तिकीटही विचारतो. बॅग घरीच काट्यावर तोलून निघावं, नाहीतर तिथे जमिनीवर बसून लोणच्याच्या बरण्या बाहेर काढाव्या लागतात. मोबाईल चार्ज करायची जी बॅटरी असते, तिला पॉवर बँक म्हणतात, ती मोठ्या बॅगेत ठेवू नये. ती पेट घेऊ शकते, म्हणून हातातल्याच बॅगेत लागते. उलट सुरी, कात्री, कोयती मोठ्या बॅगेत. पाणी, तेल, अत्तर हातातल्या बॅगेत न्यायचं तर एक बाटली १०० मिलिलिटरच्या आतली. इथे तुम्हांला बोर्डिंग पास मिळतो. त्याला बॅगेची चिठ्ठी चिकटवतात. ती जपा, बॅग हरवली तर तोच तुमचा पुरावा.

पुढचा अधिकारी इमिग्रेशनचा, म्हणजे देशाच्या दारावरचा. तो विचारतो: कुठे, कशाला, किती दिवस. खरं ते थोडक्यात सांगावं. काही लोक भीतीपोटी लांबलचक कहाणी सांगू लागतात आणि स्वतःच संशय ओढवून घेतात. पूर्वी इथे एक फॉर्म भरावा लागे. भारतीयांसाठी तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला. तेव्हा “फॉर्म भरून देतो, दोनशे रुपये द्या” म्हणणारा कोणी बाहेर भेटला, तर त्याला हसून नमस्कार करा.

कस्टमवाल्याला तुम्ही काय घेऊन चाललात याच्याशी कर्तव्य. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतं. अंगावर भारी दागिने असतील तर जाताना त्याच्याकडून दाखला करून घ्यावा. म्हणजे परतताना ‘हे सोनं तिकडे घेतलं का?’ हा वाद उरत नाही. त्यानंतर अंगाची आणि हातातल्या बॅगेची तपासणी. स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्त्री जवानच करते, हे मुलीला आधी सांगून ठेवावं.

एक गोष्ट रेडिओवर बोलणाऱ्या माणसाने सांगावी हे जरा विचित्रच. एस. टी. च्या स्टँडावर बसून आपण कान कर्ण्याकडे लावतो आणि गाडीचं नाव पुकारलं की उठतो. सहारला कर्णा वाट दाखवत नाही. २०१८ पासून तिथे विमानांच्या नेहमीच्या घोषणा बंद केलेल्या आहेत. नाव पुकारतील म्हणून डोळे मिटून बसलेल्या माणसाचं विमान त्याला न पुकारता निघून जातं. बोर्डिंग पासवर दरवाजाचा क्रमांक असतो, तो फळ्यावर पुन्हा पुन्हा पाहावा, कारण तो बदलूही शकतो. आणि त्या दरवाजासमोरच जाऊन बसावं. ज्याला वाचता येत नाही त्याने कंपनीच्या गणवेशातल्या माणसाला विचारावं. यात कमीपणा नाही.

विमानात बसलात की घड्याळ दीड तास मागे घ्या. मुंबईहून दुपारी चारला निघालेला माणूस तीन तासांनी उतरतो, तेव्हा दुबईत साडेपाच झालेले असतात. दिवसाचा दीड तास फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पण पोट आपल्याच वेळेने चालतं. तिकडे साडेसहा झाले की इकडच्या आठची भूक लागते. चार पोळ्या बरोबर असाव्यात.

उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट, पुन्हा प्रश्न, मग पट्ट्यावरून येणारी बॅग. इथेच एक प्रश्न येतो आणि पुष्कळांची वाचा बसते: राहणार कुठे? नुसतं “मित्र न्यायला येणार आहे” हे उत्तर पुरेसं नाही. पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला हवा, मोबाईलमध्ये असला तरीही, कारण परक्या देशात मोबाईल लागेलच असं नाही आणि बॅटरी संपते. डॉक्टर आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि यजमान बरोबर नव्हते. लोक त्यांच्या धैर्याबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. पण त्या धैर्याच्या मागे कार्पेंटरबाईंशी झालेला आधीचा पत्रव्यवहार होता; कोणाच्या घरी उतरायचं हे ठरलेलं होतं, आणि बाई त्यांना घ्यायला हजर होत्या.

पैशाचं म्हणाल, तर आपल्या आजोबांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आखाती मुलखात तेव्हा आपलाच रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ साली आपल्या रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर तो व्यवहार मोडत गेला. आता तिथे दिऱ्हाम. पहिल्या संध्याकाळपुरते थोडे दिऱ्हाम इथूनच अधिकृत दुकानातून पावतीसकट घ्यावेत, म्हणजे रात्री घाईत भलत्या भावाने बदलावे लागत नाहीत.

टर्मिनल एक किंवा तीनला उतरलात तर समोर मेट्रो आहे. स्वस्त आणि सोपी. तीत खाणंपिणं मात्र चालत नाही, दंड होतो, तेव्हा त्या चार पोळ्या आधी संपवा. टर्मिनल दोनला ती मेट्रो नाही; तिथून बस किंवा टॅक्सी. गुलाबी टपाच्या टॅक्सी स्त्रियांसाठी असतात, चालवणारीही स्त्रीच असते. एकट्या मुलीने रांगेत तीच मागावी.

मुक्कामी पोचल्यावर कोणी “पासपोर्ट ठेवायला द्या” म्हणेल. दाखवायला द्या, नोंद होऊ द्या आणि परत मागून घ्या. मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं तिकडच्या कायद्यालाही मंजूर नाही. कळत नसलेल्या भाषेतल्या कागदावर त्या रात्री सही करू नका. ‘उद्या वाचून करतो’ म्हणा. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८. दुबईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, आणि अडलेल्या भारतीयांसाठी ८००४६३४२ हा विनाशुल्क फोन आहे. हे तीन आकडे पत्त्याच्याच कागदावर लिहून न्यावेत.

मग पाणी प्यावं, खोलीचं दार लावावं आणि घरी फोन करावा. तो आपल्या घड्याळाने रात्री नऊच्या आत केलेला बरा. तिकडचे नऊ म्हणजे इकडचे साडेदहा, आणि तोवर आई जेवलेली नसते.